दार वाजवणारं शहर

घर घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ल्यांची कधी टंचाई पडत नाही. ज्याला स्वतःच्या न्हाणीघरातला गळका नळ दहा वर्षांत बदलता आलेला नाही, तोही तुम्ही कुठल्या शहरात राहावं हे छातीठोकपणे सांगतो. आणि घर घेणारी एकटी बाई असेल तर मग विचारूच नका. तिला रस्त्याने जाणाराही थांबून अक्कल शिकवतो.

मीटरबाईला असे सल्लागार पोत्याने मिळाले. ती बावन्न वर्षांची, सडसडीत, डाव्या खांद्याने किंचित कललेली. तो खांदा पिशवीने कलला होता. पाणीपुरवठा खात्यात एकोणतीस वर्षं ती घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचत होती. पिशवीत नोंदवही, बॅटरी आणि मीटरच्या काचेवरचा चिखल पुसायला एक फडकं. खात्यातले तिला मीटरबाई म्हणत, तिच्या भागातली घरं मीटरबाई म्हणत, आणि शेवटी शेवटी सख्खा धाकटा भाऊही चिडवायला तेच म्हणू लागला. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "रोज चाळीस घरं आतून बघते मी. हौस फिटते."

निवृत्तीच्या सहा वर्षं आधी तिने नोकरी सोडली आणि जाहीर केलं, की आपण दुसऱ्या शहरात घर घेणार. एकटीसाठी आणि कायमचं. भावाच्या हातातला घास हातातच राहिला.

"इथं काय काटे टोचतात तुला, ताई? आमचा वरचा मजला रिकामा आहे."

"ते मला लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली.

वहिनी पदराआड हसली. भाची मात्र कामाला लागली. तिने तीन मोठी शहरं निवडली: एक बंदराचं, एक टेकड्यांवरचं, एक कारखान्यांचं. मग भला मोठा तक्ता केला. हवा, दवाखाने, भाजी मंडई, गाड्यांची सोय, आणि एकट्या बाईला सरळ घर दाखवतात की आधी 'साहेब कुठे आहेत' विचारतात, असे सगळे रकाने त्यात होते.

"आत्या, अजून काय बघायचंय ते सांग. रकाना वाढवते."

"पुष्कळ झाले एवढे," मीटरबाई म्हणाली.

खरं तर तिला एकच रकाना हवा होता आणि तो भाचीला सांगण्यासारखा नव्हता. आपण घरात मेलो, तर किती दिवसांनी कुणाला कळेल?

हे वेड तिच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. तिच्या भागात एका बोळाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. तिचा मीटर घराच्या आत, मोरीपाशी होता. दर दोन महिन्यांनी मीटरबाईची फेरी असायची. एका फेरीला तिने दार वाजवलं, उघडलं नाही. पुन्हा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. आता खात्याचा नियम असा, की बाहेर कुलूप असेल तर नोंदवहीत 'घ. बं.' लिहायचं, म्हणजे घर बंद, आणि पुढे जायचं. कुलूप नसेल आणि तरी दार उघडलं नाही, तर 'दा. उ. ना.' लिहायचं आणि आठवड्याच्या आत पुन्हा खेप घालायची. त्या जादा खेपेचा सगळ्या मीटरवाल्यांना कंटाळा. लोक मुद्दाम दार उघडत नाहीत, मग आपण कशाला पाय तुडवायचे? सगळेच सर्रास 'घ. बं.' ठोकून देत. तिनेही दिलं. पुढच्या फेरीला मागचं बघून पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या फेरीला तर तिने दारही वाजवलं नाही, बोळाच्या तोंडाशी उभं राहूनच लिहिलं. तीन वेळा 'घ. बं.' आलं की नळ तोडायला माणूस जातो. तो गेला. त्याने दार फोडलं.

आत काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही. तो माणूस नंतर महिनाभर कामावर आला नाही, एवढं पुरे.

मीटर वाचला गेला नाही, की खातं सरासरीने पाणी धरतं. त्यामुळे खात्याच्या कागदावर म्हातारीने ते सगळे महिने नेमाने पाणी वापरलं होतं. दर महिन्याला आठ युनिट, एक थेंब कमी नाही की जास्त नाही. ती आंघोळ करत होती, भांडी घासत होती, तहान भागवत होती, सगळं कागदावर. चौकशी झाली, पण मीटरबाईला कुणी काही विचारलं नाही. नोंदवही नीट भरलेली होती.

एक गोष्ट मात्र नोंदवहीत नव्हती. पहिल्या फेरीला, तिसऱ्यांदा वाजवल्यावर ती वळली, तेव्हा आतून एक आवाज आला होता. काहीतरी फरशीवरून सरकल्यासारखा. एकदाच. तिने तो नीट ऐकला होता, आणि मनात म्हणाली होती, 'आहे की घरात. नाही उघडत तर मरू दे.'

या शब्दांनी पुढे दोन वर्षं तिची पाठ सोडली नाही. अपराधाची टोचणी होतीच, पण भीती त्याहून मोठी होती. आपणही एकटे, आपणही म्हातारे होणार. आपल्या दाराशीही एक दिवस आपल्यासारखीच कुणी कंटाळलेली बाई उभी राहील आणि दोन अक्षरं लिहून निघून जाईल. म्हणून ते शहर सोडायचं, आणि जिथे दार वाजवतात असं शहर शोधायचं.

मीटरबाई ही अंदाजाने चालणारी बाई नव्हती. आकडा डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचा नाही, अशी तिची शिस्त. ती एकाच दाराशी मोडली होती आणि त्याचं फळ समोर होतं. तिने परीक्षा ठरवली. प्रत्येक शहरात, पसंत पडेल त्या घरात, पंधरा दिवस भाड्याने राहायचं. पहिले दोन दिवस सगळ्यांना तोंड दाखवायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं, वाण्याला सांगायचं की इथे राहायला आलेय. तिसऱ्या दिवशी सकाळी कडी लावायची. पडदे ओढायचे, फोन बंद करायचा. दोन बादल्या आणि एक पिंप आधीच भरून ठेवायचं, म्हणजे नळ सोडायला नको. पाव, केळी, बिस्किटं. रेडिओ नाही, दिवा नाही. मेलेल्या माणसाने जे जे करायचं नसतं, ते ते ती करणार नव्हती. आणि मग मोजायचं. भाचीला सांगितलं, "घरं बघत फिरते आहे, फोन लागला नाही तर घाबरू नकोस." भाची मुळीच घाबरली नाही. तेही मीटरबाईने मनात नोंदवून ठेवलं.

बंदराच्या शहरातली इमारत चकचकीत होती. लांबलचक बोळकांडी, दोन्ही बाजूंना बारा दारं, आणि मध्ये गुळगुळीत आवाजात उघडमीट करणारी लिफ्ट. शेजारी सगळे हसून मान हलवणारे. समोरच्या दारातल्या गृहस्थाने तर स्वतःहून विचारलं होतं, "काय, बरं आहे ना?" तिसऱ्या दिवशी तिने कडी लावली आणि दारामागच्या खुर्चीत बसून राहिली. दोन दिवसांत ती लोकांना पावलांवरून ओळखू लागली. टाचा वाजवणारी आठ वाजता जाई. पाय ओढणारा दुपारी येई. कुणीही तिच्या दाराशी थबकत नव्हतं. दाराच्या फटीतून जाहिरातींचे कागद मात्र आत येत राहिले. सातव्या दिवशी आलेल्या कागदावर छापलं होतं: 'बंद घरांची साफसफाई. वास काढून मिळेल.'

आठव्या दिवशी भर दुपारी एक पाऊल थांबलं. तिच्याच दाराशी. मीटरबाई श्वास रोखून उठली. आता वाजेल, आता वाजेल. दार वाजलं नाही. तिच्या डोळ्यांदेखत दाराची मूठ हळूहळू खाली गेली, कडीला दार किंचित टेकलं, आणि मूठ तितक्याच हळू वर आली. मग पावलं निघून गेली. ती कुणाची पावलं होती, तिला ओळखता आली नाहीत.

दहाव्या दिवशी ती बाहेर पडली. लिफ्टमध्ये समोरचे गृहस्थ भेटले. "काय, बरं आहे ना?" ते हसून म्हणाले. तिने भाचीला फोन करून कळवलं, की बंदराच्या शहराची हवा दमट आहे, मानवणार नाही.

टेकड्यांवरच्या शहरात उलट तऱ्हा. ती ट्रंक घेऊन जिना चढते आहे, तोवर चार बिऱ्हाडांनी तिचं गाव, वय, गुडघेदुखी आणि लग्न न करण्याचं कारण विचारून घेतलं. एकीने जेवण आणून दिलं, दुसरीने खिडकीचा पडदा शिवून दिला. मीटरबाईचा जीव भरून आला. इतकी माणसं आहेत, इथे आपण शिंकलो नाही तरी चौकशी होईल, असं तिला वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने जड मनाने कडी लावली. अशा चांगल्या लोकांना फसवायचं म्हणजे पापच.

त्या दिवशी संध्याकाळीच जिन्यात बोलणं सुरू झालं.

"दिसल्या नाहीत आज."

"गेल्या वाटतं. घर बघायला आल्या होत्या ना? नसेल पटलं."

"बाई चांगली होती हो."

"हसरी होती."

दारामागे बसून मीटरबाईने स्वतःबद्दलचं 'होती' ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या आणखी थोडं बोलल्या. त्याच्या पुढच्या दिवशी तिचा विषयही निघाला नाही. दार वाजवून बघावं, हे चौघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. कारण त्यांचं आपसात ठरून गेलं होतं, आणि चौघींचं ठरलं की ते खरंच असतं. पाचव्या दिवशी बाहेर काहीतरी अवजड ओढल्याचा आवाज झाला. धाप लागल्याचा, 'जरा इकडे, जरा तिकडे'चा. मग शांत.

सहाव्या दिवशी तिने हार मानली आणि दार आत ओढलं. समोर जिना नव्हता. समोर लाकूड होतं. रंग न दिलेलं, वरपासून खालपर्यंत, चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्या दारावर कुणीतरी जुनं कपाट टेकवून ठेवलं होतं, जागा रिकामी म्हणून. ती कपाटाची पाठ होती. खरंच आपण गेलो आहोत की काय, अशी शंका तिच्या मनाला चाटून गेली. मग तिने मुठी वळून ती फळी आतून बडवली, आणि बडवतच राहिली.

कपाट सरकवल्यावर सगळ्या हसून हसून लोटपोट. "अहो, तुम्ही आहात होय! सांगायचं नाही का!" त्यांनी चहा पाजला. चहा संपताच तिने ट्रंक भरायला घेतली.

कारखान्यांच्या शहरात ती आली, तेव्हा तिच्यात फारशी आशा उरली नव्हती. इमारत जुनी, चार मजली, भिंतींवर धुराचा थर. दर मजल्यावर दोन घरं. जिन्याच्या वळणावर पत्र्याच्या कपाटात दोन्ही घरांचे मीटर, वर क्रमांकाच्या पाट्या. सात आणि आठ. विकायचं घर आठ नंबरचं; आदल्या दिवसापर्यंत तिथे भाडेकरू राहत होते. गच्चीवरची टाकी लहान होती, त्यामुळे कुठे गळती तर नाही ना हे बघायला इमारतीची केअरटेकर रोज सकाळी सगळे मीटर वाचून जाई. मीटरबाईला ते बघून बरं वाटलं. आपल्या जातीची बाई भेटली.

सात नंबरमधली शेजारीण मात्र खडूस निघाली. साठीची, उंच, हाताला कायम पांढरं प्लास्टर लागलेलं. ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची, घरातच. ओळख करून घ्यायला मीटरबाई गेली, तर खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने कवळ्या वाळत ठेवलेल्या. गुलाबी हिरड्या, पांढरे दात, काही उघडे, काही मिटलेले.

"घाबरू नका, चावत नाहीत," कवळीवाली म्हणाली. एवढंच. बसा म्हणाली नाही.

ही कशाला आपलं दार वाजवतेय, मीटरबाईच्या मनात आलं. तरी शिस्त म्हणजे शिस्त. बादल्या भरल्या, पिंप भरलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कडी लावली.

या खेपेला शांतता जास्त जड होती. भिंतीपलीकडून सकाळ-संध्याकाळ पाण्याचा आवाज यायचा. कवळीवाली दात धुवायची, भांडं विसळायची, आंघोळ करायची. मीटरबाई भिंतीला पाठ लावून तेवढंच ऐकत बसे. अंधाऱ्या खोलीत सकाळ कुठली आणि दुपार कुठली, याचा हिशेब त्या आवाजावर चाले. कडी लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिला वाटू लागलं, की आपण श्वासही हळू घेतो आहोत. बिस्किट खाताना आवाज होतो म्हणून तिने ते पाण्यात बुडवलं. ही परीक्षा आता परीक्षा राहिली नाही, सवय झाली आहे, हे तिला कळत होतं; आणि आपल्याला ती सवय आवडू लागली आहे, याची तिला भीती वाटली.

कडी लावल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या कपाटाचं दार करकरलं. रोजच्यासारखीच केअरटेकर आली होती. पण रोजच्यासारखी ती निघून गेली नाही. बराच वेळ उभी राहिली. मग दोन पावलं, आणि दार वाजलं.

शेजारचं.

"मावशी, बऱ्या आहात ना?" केअरटेकरचा आवाज.

"मला काय धाड भरलीय?"

"तसं नव्हे. तीन दिवस झाले, तुमच्या मीटरचा आकडा जागचा हललेला नाही. काल म्हटलं, बघू एक दिवस. आज राहवेना."

"मग मी आंघोळ कशाने करते? वाऱ्याने?"

"बघा ना येऊन. सात नंबर, हा इथं. आणि या नव्या बाईंचा आठ नंबर बघा, कसा फिरतोय."

त्या दोघींच्या आधी मीटरबाईला कळलं होतं. नोकरीत अशी पाच-पन्नास प्रकरणं तिने स्वतः निस्तरली होती. पाट्या उलट्या लागल्या होत्या. सात नंबरच्या पाटीखालचा मीटर खरा तिचा होता, आणि तो थांबला होता, कारण तिचा नळ बंद होता. आठच्या पाटीखाली फिरत होतं ते कवळीवालीचं पाणी. म्हणजे इथे, या एकाच शहरात, थांबलेला मीटर बघून दार वाजवणारी बाई होती. आणि तीही चुकीच्या दारावर आली होती. आत मीटरबाई खरोखर मरून पडली असती, तरी कागदावर ती रोज सकाळ-संध्याकाळ आंघोळ करत राहिली असती. शेजारणीच्या पाण्याने. म्हातारीसारखी.

बाहेर पत्र्याच्या कपाटाचं दार पुन्हा करकरलं. मग कवळीवालीचा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू.

"थांबा जरा. मी तर रोज पाणी वापरते. माझं पाणी त्यांच्या आकड्यात जात असेल, तर मग हा थांबलेला कुणाचा?"

चपला सरकल्या. आणि मीटरबाईचं दार वाजलं.

किती महिने तिने या आवाजाची वाट बघितली होती. दोन शहरं त्यासाठी पालथी घातली होती. आता तो आला, आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. 'आले' म्हणायला तिने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली. तीन दिवस न वापरलेला आवाज जाग्यावर नव्हता. पायांना मुंग्या आल्या होत्या. दुसऱ्यांदा वाजलं. ती भिंतीला धरून उठायला गेली, पाय बादलीला लागला, आणि रिकामी बादली फरशीवरून सरकली. एकदाच.

तो आवाज तिने ओळखला. म्हातारी मुद्दाम गप्प बसली नव्हती. तिने ऐकलं होतं, तिला उठायचं होतं, तोंड उघडूनही आवाज निघत नव्हता, आणि जे हाताला लागलं ते सरकवून तिने बाहेरच्या बाईला सांगितलं होतं, की मी आहे.

"आवाज आला," बाहेर केअरटेकर म्हणाली. "म्हणजे आहेत घरात. उघडायचं नसेल, मावशी. काही लोक नाही उघडत."

मीटरबाईने डोळे मिटले. याच्या पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

"आवाज आला म्हणूनच वाजवायचं," कवळीवाली करवादली. "तुम्ही खाली जाऊन कुलपवाल्याला घेऊन या. मी बसते इथं." आणि मग दाराला तोंड लावून, "बाई, मी बाजूची. उठता येत नसेल तर उठू नका. मी कुठे जात नाही."

बाहेर कुणीतरी जमिनीवर बसकण मारल्याचं ऐकू आलं. गुडघे वाजले, एक शिवी ऐकू आली. मीटरबाई तोंडात पदर कोंबून रडली. मग सरपटत दाराशी गेली आणि कडी काढली.

केअरटेकर जिन्यातूनच मागे फिरली होती. खरं काय ते ऐकल्यावर ती इतकी चिडली, की तिच्या तोंडाचा पट्टा थांबेना. "घर घ्यायला आलात की आमचं नाटक बघायला? माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं! पुढच्या खेपेला खरंच काही झालं ना, तर मी म्हणेन, चालू असेल बाईंची परीक्षा!" ती पाय आपटत खाली गेली. मीटरबाईला ते बोलणं लागलं, कारण ते बरोबर होतं.

कवळीवाली गेली नाही. ती उंबऱ्यातच बसून होती. "कशासाठी केलंत हे?" तिने विचारलं.

मग मीटरबाईने तिला म्हातारीची गोष्ट सांगितली. नोंदवहीतली सांगितली, आणि नोंदवहीत नसलेलीही सांगितली. आवाज अजून फाटका होता. तो सरकण्याचा आवाज आजवर तिने कुणाला, भावालासुद्धा, सांगितला नव्हता.

"म्हणजे तेव्हा ती जिवंत होती," कवळीवाली म्हणाली.

"हो."

कवळीवालीने सांत्वन केलं नाही, हाडतुडही केली नाही. "आधी पाणी प्या," म्हणाली. "नळाचं प्या. मीटर फिरू दे."

दीड महिन्याने घराचे कागद झाले. मीटरच्या पाट्या मीटरबाईने स्वतःच्या हाताने जागच्या जागी लावल्या. भाचीने विचारलं, की तक्त्यात तर कारखान्यांचं शहर सगळ्यात खाली होतं, हवा वाईट, मंडई लांब, मग हेच का? मीटरबाई म्हणाली, शेजार बरा आहे. केअरटेकर अजून तोंड फिरवून जायची. रोज आठ नंबरचा आकडा लिहिताना मात्र मुद्दाम मोठ्याने वाचायची.

घराच्या दोन किल्ल्या मिळाल्या. ट्रंक उघडायच्या आधी त्यातली एक घेऊन मीटरबाई शेजारी गेली. कवळीवाली साच्यात प्लास्टर ओतत होती. पुढ्यात टेबलावर कुणाकुणाचे दात पसरलेले.

"ही ठेवा. पाणी थांबलेलं दिसलं, तर दार वाजवू नका. सरळ आत या."

कवळीवालीने हात पुसले, पण किल्लीला हात लावला नाही.

"म्हणजे आत जे असेल, ते मी बघायचं."

तीन शहरं मीटरबाईने हाच विचार केला होता, की आपलं दार कोण उघडेल. उघडणाऱ्याला काय बघावं लागेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आणि महिनाभर कामावर न आलेला तो नळवाला तर तिच्याच खात्यातला होता.

"हो," ती म्हणाली.

कवळीवालीने किल्ली उचलली, खिळ्याला अडकवली. मग खण उघडून दुसरी किल्ली काढली आणि टेबलावर दातांच्या मध्ये ठेवली. "एकतीस वर्षं एकटी राहतेय मी इथं. आजवर ही कुणी मागितली नाही."

मीटरबाई त्या किल्लीकडे बघत राहिली. हात पुढे होईना. घरोघर दारं वाजवण्यात तिचा जन्म गेला होता, पण न उघडलेल्या दाराच्या आत ती कधी गेली नव्हती. तिथे जायला लागू नये, म्हणून तर तिने ती दोन अक्षरं लिहिली होती.

"कितव्या दिवशी याल?" कवळीवालीने विचारलं. हात पुन्हा प्लास्टरमध्ये होते, नजर वर नव्हती. गमतीत विचारावं तसं विचारलं होतं, पण ओतणं थांबलं होतं.

मीटरबाईने किल्ली उचलून मुठीत धरली. ती गार होती आणि प्लास्टरने खरखरीत झाली होती.

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "आवाज आला तरी, नाही आला तरी."